वन्यप्राण्यांतले गोचीडजन्य रक्तपरजीवी: खान्देशात नमुना कसा घ्यावा, काच कशी वाचावी

अंकलेश्वर–बऱ्हाणपूर रस्ता शिरपूर, चोपडा, यावल, रावेर असा सातपुड्याच्या पायथ्याने जातो. या पट्ट्यात वन्यप्राण्यांचं रक्त तपासायची संधी वर्षभर आपोआप येत असते. कधी गाडीखाली आलेली रोही (नीलगाय), कधी केळीच्या बागेतल्या विहिरीत पडलेला बिबट्या, कधी गावकुत्र्यांनी फाडलेलं चितळ. बहुतेक वेळा पंचनामा होतो, शवाची विल्हेवाट लागते आणि रक्तात काय होतं ते कुणालाच कळत नाही. खरं तर सूक्ष्मदर्शकाच्या चार काचा, दोन कुप्या आणि दहा-पंधरा मिनिटं एवढंच लागतं. पशुवैद्यक, वनरक्षक, बचाव पथकातली मंडळी आणि प्राणिशास्त्राचे विद्यार्थी यांना ते काम नीट करता यावं म्हणून हे लिहिलं आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच डोक्यात पक्की असू द्या. जंगली जनावराच्या रक्तात परजीवी सापडला म्हणजे ते जनावर त्यानेच आजारी आहे किंवा मेलं, असं नाही. चितळ-सांबरांत थायलेरिया आणि वाघ-बिबटे-रानकुत्र्यांत हिपॅटोझून भारतात अनेकदा सापडलेले आहेत, आणि त्यातली बहुतेक जनावरं ठणठणीत असतात. खालच्या पायऱ्या पाळायच्या त्या ‘सापडला’ आणि ‘त्यानेच मारलं’ यांतला फरक सांगता यावा म्हणूनच.

कोणता परजीवी, कोणता गोचीड

आपल्याकडच्या काचेवर मुख्यत्वे चार नावं येतात. बबेसिया आणि थायलेरिया हे तांबड्या पेशीत राहणारे एकपेशीय जीव. अॅनाप्लाझ्मा खरं तर जिवाणू आहे, पण तोही तांबड्या पेशीतच दिसतो आणि गोचीडच पसरवतो, म्हणून तपासणीत त्याला सोबत धरतात. हिपॅटोझून पांढऱ्या पेशीत राहतो. त्याची गंमत अशी की तो गोचिडाच्या चाव्यातून जात नाही. कोल्हं किंवा रानकुत्रा अंग चावताना-चाटताना गोचीड गिळतो, तेव्हा तो शरीरात शिरतो. पाचवा पाहुणा ट्रिपॅनोसोमा, म्हणजे सर्रा रोगाचा परजीवी. तो गोचिडाचा नसून चावऱ्या माशांचा, पण त्याच काचेवर सापडतो आणि मांजरवर्गात घातक ठरतो. ओडिशातल्या नंदनकानन प्राणिसंग्रहालयात २००० साली डझनभर वाघ सर्रानेच गेले. त्यामुळे काच वाचताना तो डोक्यात हवाच.

गोचिडांत ऱ्हिपिसेफॅलस मायक्रोप्लस हा गुरांवरचा सगळ्यात ओळखीचा. अळी, अर्भक आणि प्रौढ या तिन्ही अवस्था तो एकाच जनावरावर सुमारे तीन आठवड्यांत काढतो. मग फुगलेली मादी खाली पडून दोन-तीन हजार अंडी घालते. बबेसिया मादीकडून अंड्यात उतरतो, त्यामुळे नवी अळी जन्मतःच संसर्ग घेऊन येऊ शकते. थायलेरियाचं तसं होत नाही. तो एका अवस्थेत रक्तासोबत येतो आणि पुढच्या अवस्थेत दुसऱ्या जनावराला जातो. म्हणून त्याला एकाहून जास्त जनावरं बदलणारा गोचीड लागतो. आपल्याकडे तो मुख्यतः हायलोमा. हा गोठ्याच्या भिंतीच्या फटींत दबा धरून राहतो. झुडपी रानात हिमाफायसॅलिस, तर कुत्र्यांवर आणि त्यांच्यामार्फत कोल्ह्या-लांडग्यांवर तपकिरी ऱ्हिपिसेफॅलस सँग्विनियस.

रोही आणि गुरं एकाच पडीक रानात चरतात, याकडे आपल्याकडे कुणी फारसं लक्ष देत नाही. अमेरिकेच्या टेक्सासमध्ये मात्र ही डोकेदुखी झाली आहे. गुरांच्या गोचीडतापाला गोचीड कारणीभूत असल्याचं स्मिथ आणि किलबोर्न यांनी १८९३ साली तिथल्याच रोगावरून सिद्ध केलं. पुढे १९०६ पासून मोहीम काढून १९४३ पर्यंत तो गोचीड देशाच्या बहुतेक भागातून हटवलाही. मेक्सिकोच्या सीमेलगत मात्र तो पुन्हा पुन्हा डोकं वर काढतो, आणि त्याला आसरा देणाऱ्यांत भारतातून नेऊन सोडलेल्या नीलगायींचे वंशज आहेत. तीच रोही आणि तोच मायक्रोप्लस आपल्या बांधावर रोज भेटतात. तेव्हा मेलेल्या रोहीचे कान आणि मांडीची आतली बाजू तपासल्याशिवाय तिला पुरू नका.

हात लावण्याआधी

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ प्रमाणे वन्यप्राणी, त्याचं शव आणि त्याचा कुठलाही भाग सरकारी मालमत्ता आहे. रक्ताचा थेंबसुद्धा स्वतःच्या मनाने घेता येत नाही. अभ्यासासाठी मुख्य वन्यजीव रक्षकांची लेखी परवानगी लागते. ती नागपूरच्या कार्यालयातून मिळते आणि अर्ज विभागीय वन कार्यालयामार्फत जातो. परवानगीत प्राण्यांच्या जाती, नमुन्याचा प्रकार आणि तो कुठल्या प्रयोगशाळेत जाणार हे नोंदवून घ्या. पुढे नमुना राज्याबाहेर पाठवायचा झाला की त्याच कागदावर सगळं अडतं. वाघाच्या मृत्यूसाठी राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाची ठरलेली कार्यपद्धती आहे. तिथे नमुना पॅनेलमधला पशुवैद्यकच घेतो. आपण फार तर काचा तयार ठेवून हाताशी उभं राहायचं.

निव्वळ रक्तासाठी कुठलंही जंगली जनावर पकडू नये. बेशुद्ध करण्याचा धोका त्या एका काचेच्या फायद्यापेक्षा कितीतरी मोठा असतो. बचावासाठी, गळपट्टा (रेडिओ कॉलर) लावण्यासाठी किंवा उपचारासाठी जनावर आधीच बेशुद्ध केलेलं असेल, तेव्हाच रक्त घ्यायचं.

मेलेलं खुरवालं जनावर समोर असेल तर सुरी काढण्याआधी दोन मिनिटं नुसतं बघा. नाका-तोंडातून किंवा गुदद्वारातून न गोठलेलं काळपट रक्त, झपाट्याने फुगलेलं पोट, आजाराची कुठलीही खूण नसताना आलेला मृत्यू, असं काही दिसलं तर फाशी, म्हणजे अँथ्रॅक्स, समजून चाला. शव उघडायचं नाही. कानाच्या शिरेला बारीक छेद देऊन एकच स्मिअर (काचेवर पसरलेला रक्ताचा पातळ थर) घ्या, छेदावर जंतुनाशकात भिजवलेला कापूस दाबा आणि ती काच आधी अँथ्रॅक्ससाठी तपासून घ्या. शव उघडलं तर हवा लागून जंतूंचे बीजाणू बनतात आणि ती जमीन कित्येक वर्षं धोक्याची राहते.

हातमोजे दुहेरी घाला. गोचीड बोटांनी चिरडू नका. हायलोमा गोचीड क्रिमियन-काँगो तापाचा विषाणू वाहतो. २०११ मध्ये गुजरातेत त्या रोगाने माणसं दगावली, आणि नंदुरबारची हद्द गुजरातला लागूनच आहे. काम झाल्यावर कपडे झटकून बघा. पुढच्या दोन आठवड्यांत ताप आला तर गोचिडाशी संबंध आला होता, हे डॉक्टरांना स्वतःहून सांगा. ते विचारतीलच असं नाही.

पेटीत काय हवं

एका बाजूला दुधी कड असलेल्या २५ काचा, काचांची झाकणाची डबी, शुद्ध मिथेनॉलची घट्ट बुचाची छोटी बाटली, जांभळ्या बुचाच्या २ मिलीच्या ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) नळ्या, डीएनएसाठी एफटीए कार्ड किंवा जाड गाळणकागद, झिपच्या पिशव्या आणि सिलिका जेलच्या पुड्या, रबरी वलय असलेल्या स्क्रू-बुचाच्या २ मिलीच्या कुप्या, ७० टक्के आणि ९५ टक्के असं दोन प्रकारचं इथेनॉल, बारीक टोकाचा चिमटा, उवांची फणी, पांढरी चादर आणि शिसपेन्सिल. पेन्सिल विसरू नका. बॉलपेनची किंवा मार्करची शाई इथेनॉलने धुऊन जाते, आणि नाव नसलेल्या कुप्या शेवटी फेकूनच द्याव्या लागतात. जाड कागदाच्या चिठ्ठीवर पेन्सिलने लिहून ती कुपीच्या आत टाका.

फॉर्मॅलिन या पेटीत कधीच ठेवू नका. बाटलीचं बूच किंचित सैल असलं तरी त्याच्या वाफेने न स्थिरवलेले स्मिअर खराब होतात. रंग दिल्यावर सगळी काच निळसर मातकट दिसते आणि परजीवी काही केल्या उठून दिसत नाही. शवविच्छेदनात अवयव फॉर्मॅलिनमध्ये घ्यायचेच असतात, पण ती बाटली वेगळ्या गाडीत किंवा निदान वेगळ्या डब्यात न्या.

गोचीड आधी

शव थंड पडायला लागलं की काही तासांत गोचीड सुटून चालू लागतात. म्हणून जनावराखाली पांढरी चादर सरकवा आणि पहिलं काम गोचिडांचंच करा. कानाची आतली बाजू, डोळ्यांच्या कडा, जांघ, काख, शेपटीचं मूळ, कास किंवा अंडकोष आणि खुरांच्या बेचक्या इथे शोधा. अळ्या आणि अर्भकं तिळाहूनही लहान असतात, ती फणीने चादरीवर पाडा.

चिमटा त्वचेला टेकवून तोंडाजवळ धरा आणि सरळ वर ओढा. पिळलं की तोंडाचे भाग तुटून कातडीत राहतात, आणि ओळख पटते ती त्याच भागांवरून. नुसत्या फुगलेल्या माद्या वेचू नका. फुगल्यावर त्यांची वैशिष्ट्यं ताणून जातात. छोटे, चपटे नर आवर्जून घ्या. प्रजाती ओळखायला तेच उपयोगी. ओळखीसाठी ७० टक्के इथेनॉल, डीएनएसाठी ९५ टक्के. शरीराच्या वेगवेगळ्या भागांतले गोचीड एकाच कुपीत चालतील, दोन जनावरांचे मात्र चालणार नाहीत.

स्टिरिओ सूक्ष्मदर्शकाखाली २० ते ४० पटीत पहिली चाळणी अशी करा. लांब तोंड, पायांवर फिकट पट्टे आणि डोळे असतील तर हायलोमा. आखूड तोंड आणि डोक्याचा पाया षटकोनी असेल तर ऱ्हिपिसेफॅलस. डोळे नाहीत आणि तोंडाच्या दोन्ही बाजूंचे स्पर्शक बाहेरच्या अंगाला टोकदार पसरलेले असतील तर हिमाफायसॅलिस. याच्या पुढची प्रजाती-ओळख जाणकाराकडून किंवा डीएनएवरून करून घ्या. अंदाजाने प्रजातीचं नाव लिहिण्यापेक्षा नुसतं हायलोमा, ऱ्हिपिसेफॅलस असं पहिलं नाव (जीनस) लिहिलेलं बरं.

रानातले भुकेले गोचीड पकडायचे तर एक मीटर लांब-रुंद पांढरं फ्लॅनेल काठीला बांधून गवतावरून संथपणे ओढतात. दर १० मीटरला थांबून दोन्ही बाजू बघायच्या. दव वाळल्यानंतरची सकाळ चांगली. ओल्या फडक्याला गोचीड धरत नाही. आपल्याकडची अडचण म्हणजे कुसळ. पावसाळा सरून गवत पिकलं की सातपुड्याच्या उतारावर फ्लॅनेल दोन ओढींत कुसळांनी भरतं आणि अळ्या त्यात दिसेनाशा होतात. पाऊस ओसरल्यावर, गवत पिकण्याआधी काम उरका. नंतर करायचंच असेल तर फ्लॅनेलऐवजी घट्ट विणीचं सुती कापड घ्या.

फडक्यावर काय येत नाही हेही ध्यानात असू द्या. मायक्रोप्लसची फक्त अळीच गवतावर असते, बाकीचं आयुष्य जनावराच्या अंगावर जातं. प्रौढ हायलोमा गवतावर वाट बघत बसत नाही. तो जमिनीवरून धावत सावजाकडे जातो. म्हणून ‘फडक्यावर हायलोमा आला नाही’ यावरून ‘रानात हायलोमा नाही’ असं लिहिता येणार नाही. त्याच्यासाठी पांढऱ्या कापडावर कोरड्या बर्फाचा डबा ठेवून कार्बन डायऑक्साइडच्या आमिषाने त्याला बोलवावं लागतं.

रक्त आणि स्मिअर

बेशुद्ध जनावराच्या कानाची कड स्पिरिटने पुसून पूर्ण कोरडी होऊ द्या. ओलं स्पिरिट रक्तात मिसळलं की पेशी फुटतात. सुईने टोचून येणाऱ्या पहिल्या थेंबांचा स्मिअर करा. बबेसिया झालेल्या पेशी बारीक केशिकांत अडकून राहतात, म्हणून कानाचं रक्त मोठ्या शिरेतल्या रक्तापेक्षा जास्त बोलकं असतं. नळीतलं रक्त मात्र शिरेतून घ्या आणि नळी खुणेपर्यंत भरा. अर्धी भरली तर ईडीटीएचं प्रमाण वाढून पेशी आक्रसतात.

थेंब काडेपेटीतल्या काडीच्या गुलाएवढा, त्याहून मोठा नको. दुसऱ्या काचेची कड ३० ते ४५ अंशांत टेकवून थेंब कडेभर पसरू द्या आणि एका दमात पुढे ढकला. स्मिअर काचेच्या दोन-तृतीयांशात संपला पाहिजे आणि शेवटी पिसासारखी पातळ शेपटी आली पाहिजे. कोन वाढवला की स्मिअर जाड आणि आखूड होतो, कमी केला की पातळ आणि लांब. रक्तक्षय झालेल्या जनावराचं रक्त पाण्यासारखं पळतं, तिथे कोन थोडा वाढवा. प्रत्येक जनावराच्या चार काचा करा. दोन रंगवायच्या, दोन फक्त मिथेनॉलने स्थिर करून राखीव ठेवायच्या.

जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात काच फुंकर न घालता क्षणात वाळते, ते उत्तमच. पावसाळ्यात उलट. हवा दमट असली की स्मिअर हळू वाळतो आणि पेशींच्या कडा दातेरी होतात, त्यात चमकणारी भोकं दिसतात. तेव्हा काच हवेत जोराने हलवा किंवा हातपंख्याने वारा घाला. तोंडाने फुंकू नका, श्वासातही ओल असते. वाळलेल्या काचा उघड्या ठेवल्या तर मुंग्या आणि माश्या स्मिअर चक्क खाऊन टाकतात, म्हणून लगेच डबीत घाला.

स्थिरीकरण म्हणजे शुद्ध मिथेनॉलमध्ये दोन ते तीन मिनिटं. हे त्याच दिवशी झालं पाहिजे. मिथेनॉल हवेतली ओल शोषतं. बूच वारंवार उघडलेल्या जुन्या बाटलीतलं मिथेनॉल वापरलं की तांबड्या पेशींत पाण्याचे बुडबुडे राहतात, आणि नवखा माणूस त्यांनाच परजीवी म्हणून मोजतो. पाचशे मिलीची एकच बाटली रानात फिरवण्यापेक्षा दर वेळी ३० मिली वेगळं काढून न्या.

ईडीटीएची नळी वर्तमानपत्रात गुंडाळून मग बर्फाच्या पिशवीशेजारी ठेवा. बर्फाला थेट टेकली तर रक्त गोठून पेशी फुटतात, आणि उन्हात उभ्या जीपमध्ये राहिली तर उष्णतेने. डीएनएसाठी एफटीए कार्डावर दोन-तीन थेंब टाकून सावलीत पूर्ण वाळवा आणि सिलिका जेलसह झिपच्या पिशवीत बंद करा. त्याला बर्फ लागत नाही. तोरणमाळ किंवा धडगावकडून नमुना यायचा असेल तर कार्डच भरवशाचं.

मेलेल्या जनावरात

शवात रक्त गोठलेलं असतं, तेव्हा अवयवांचे ठसे घ्या. प्लीहा, यकृत, मूत्रपिंड, फुप्फुस आणि लसिकाग्रंथी यांचा ताजा काप गाळणकागदावर टिपून त्यातलं जास्तीचं रक्त जाऊ द्या. मग काच त्यावर हलकेच टेकवून उचला, घासू नका. थायलेरियाचे कोखचे निळे गोळे (पांढऱ्या पेशींत वाढणारी त्याची अवस्था) लसिकाग्रंथीत आणि यकृतात मिळतात. उशीर झालेल्या शवात परजीवी आक्रसून गोल ठिपका होतो आणि जात सांगता येत नाही. अशा वेळी अहवालात ‘पायरोप्लाझ्म (बबेसिया-थायलेरिया गट), जात अनिश्चित’ असं लिहा.

मांसाहारी जनावराचं डोकं रेबीज धरूनच हाताळा. कोल्हं, लांडगा, तडस, मुंगूस यांचा मेंदू रानात उघडायचा नाही.

रंग

जिम्सा सगळ्यात खात्रीचा. ५० मिलीच्या उभ्या बरणीसाठी ५ मिली मूळ जिम्सा आणि ७.२ पीएचच्या बफरचे ४५ मिली, काचा ३० मिनिटं आत. हे मिश्रण त्याच दिवशी करा आणि त्याच दिवशी ओता. दुसऱ्या दिवशी त्यात कचरा बसतो आणि काचेवर जांभळे ठिपके पडतात. मूळ बाटलीत ओली पिपेट घालू नका, एक थेंब पाण्यानेही तो जिम्सा हळूहळू निकामी होतो.

निम्मी बिघडलेली कामं पाण्यामुळे बिघडतात. तापीकाठच्या बोअरचं पाणी जड आणि अल्कधर्मी असलं की सगळी काच निळी होते आणि परजीवीचं लाल-जांभळं केंद्रक त्यात हरवतं. बॅटरीचं पाणी बऱ्याचदा आम्लधर्मी निघतं, मग सगळं गुलाबी दिसतं आणि केंद्रक उठतच नाही. बफरच्या तयार गोळ्या मिळतात. त्या उकळून गार केलेल्या डिस्टिल्ड पाण्यात विरघळवा आणि शेवटचं धुणंही त्याच बफरने करा. रंग बरोबर उतरला की नाही हे पांढऱ्या पेशीवरून ठरवा. तिचं केंद्रक स्पष्ट जांभळं असलं पाहिजे.

काच वाचताना

आधी ४० च्या भिंगाने शेपटी आणि दोन्ही कडा फिरा. ट्रिपॅनोसोमा, मोठे बबेसिया आणि हिपॅटोझून असलेल्या पांढऱ्या पेशी तिकडे सरकलेल्या असतात. मग तेल लावून १०० च्या भिंगाने, जिथे पेशी एकमेकींना चिकटून पण एकाच थरात आहेत, तिथे वाचा. एका दृश्यक्षेत्रात साधारण २०० पेशी धरा. २०० दृश्यक्षेत्रं पाहिली म्हणजे सुमारे ४०,००० पेशी झाल्या. एवढं पाहिल्याशिवाय ‘निरंक’ लिहू नये. एका नजरेत संपवलेल्या काचेला काही किंमत नाही.

मोजमापासाठी तांबडी पेशीच पट्टी म्हणून वापरता येते, पण जात लक्षात घ्या. मांजरवर्गाची पेशी सुमारे ५ ते ६ मायक्रोमीटरची, कुत्र्याची ७ च्या आसपास. गुरांतला बबेसिया बायजेमिना मोठा, ४ ते ५ मायक्रोमीटरचा, पेअर फळाच्या आकाराचे दोन जीव टोकाशी लघुकोनात जुळलेले. बबेसिया बोव्हिस त्याच्या निम्मा, आणि त्याचा कोन विशाल. थायलेरियाचे कण ०.५ ते २.७ मायक्रोमीटर, अंगठी, स्वल्पविराम किंवा काडीसारखे. अॅनाप्लाझ्मा मार्जिनेल म्हणजे पेशीच्या कडेला चिकटलेला ०.३ ते १ मायक्रोमीटरचा गडद गोल ठिपका, ज्याला निळा पेशीरस नसतो. हिपॅटोझून पांढऱ्या पेशीत लंबगोल कॅप्सूलसारखा, फिकट. चितळ-सांबरांत यांच्यासारखे दिसणारे पण वेगळे प्रकार असतात, म्हणून गुरांच्या पुस्तकातल्या चित्रावरून जंगली जनावराच्या परजीवीचं नाव पक्कं करू नका.

फसवणारे आकार नेहमीचेच आहेत. तांबड्या पेशीवर बसलेली प्लेटलेट: तिच्याभोवती फिकट वलय दिसतं आणि भिंग वर-खाली केलं की ती वेगळ्या पातळीवर येते. हॉवेल-जॉली गोळे: गडद, अगदी गोल, पेशीत एकच, निरोगी मांजरवर्गातही थोडे असतात आणि अॅनाप्लाझ्मा म्हणून मोजले जातात. रंगाचा गाळ: तो पेशींच्या बाहेरही दिसतो. पाण्याचा बुडबुडा: फोकस हलवला की चमकतो. शंका असेल तर राखीव काच नव्या रंगात रंगवा. खरा परजीवी दुसऱ्या काचेवरही दिसतो.

सापडला तर प्रमाण द्या: १००० तांबड्या पेशींत किती पेशी बाधित. ‘प्लस, डबल प्लस’ लिहिलेले अहवाल पुढच्या वर्षी एकमेकांशी ताडून बघता येत नाहीत.

पीसीआरकडून काय घ्यावं

वाहक जनावरात परजीवी इतके कमी असतात की काचेवर दिसत नाहीत, तिथे पीसीआर लागतो. बबेसिया-थायलेरियासाठी १८एस जनुकाचा साधारण ५०० अक्षरांचा तुकडा वाढवून त्याचा क्रम वाचून घ्या. नुसती ‘पट्टी आली’ म्हणजे प्रजाती कळली नाही. तपासणीआधी नागपूरच्या गोरेवाडा वन्यजीव संशोधन व प्रशिक्षण केंद्राशी किंवा बरेलीच्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेशी बोलून नमुना कुठल्या स्वरूपात हवा ते विचारून घ्या.

गोचिडातल्या डीएनएचा अर्थ जपून लावा. रोहीवरून काढलेल्या फुगलेल्या मादीत थायलेरिया सापडला, तर तो तिने नुकत्याच प्यायलेल्या रोहीच्या रक्तातला असू शकतो. तेवढ्यावरून तो गोचीड वाहक ठरत नाही. गवतावर पकडलेल्या, अजून रक्त न प्यायलेल्या गोचिडात सापडला तर त्याचं वजन जास्त. पाच-दहा गोचीड एकत्र करून तपासले असतील तर त्या गटातला निदान एक पॉझिटिव्ह होता एवढंच म्हणता येतं.

किती जनावरं पुरेशी

चितळांच्या मोठ्या कळपांत १० टक्के जनावरं बाधित असतील, तर निदान एक तरी पॉझिटिव्ह ९५ टक्के खात्रीने हाती लागायला २९ जनावरं तपासावी लागतात. बाधा ५ टक्के असेल तर ५९, १ टक्का असेल तर २९९. हा हिशेब तपासणी अचूक धरून केलेला आहे. स्मिअर वाहक जनावरं चुकवतो, म्हणून प्रत्यक्षात जास्तच लागतात. उलटीकडून, २० चितळ तपासली आणि एकातही काही आढळलं नाही, तर तीन भागिले वीस, म्हणजे सुमारे १५ टक्क्यांपर्यंत बाधा अजूनही असू शकते. ‘यावल अभयारण्यातली चितळं बबेसियामुक्त’ असं वाक्य या आकड्यावर उभं राहत नाही.

रस्त्यावर मेलेली जनावरं म्हणजे कळपाचं प्रतिनिधिक चित्र नव्हे हेही खरं. अशक्त, लहान आणि रस्त्यालगत चरणारी त्यात जास्त असतात. एका वर्षात २९ जमणार नाहीत, म्हणून नोंदवहीची रचना वर्षानुवर्षं तीच ठेवा: तारीख, जीपीएस, जात, लिंग, अंदाजे वय, अंगकाठी, मृत्यूचं दिसणारं कारण, मृत्यूनंतर किती तासांनी नमुना, गोचिडांची संख्या, जवळचा वाडा किंवा गोठा किती अंतरावर.

सापडल्यावर काय म्हणायचं

परजीवीने मारलं असं म्हणायला तीन गोष्टी एकत्र हव्यात: रक्तात भरपूर परजीवी, शरीरावर त्याची खूण (पांढरीफटक किंवा पिवळी श्लेष्मल त्वचा, कॉफीसारखी लघवी, फुगलेली प्लीहा) आणि दुसऱ्या ठळक कारणाचा अभाव. तिसरं सगळ्यात कठीण आहे. १९९४ मध्ये टांझानियातल्या सेरेंगेटीतले सुमारे एक-तृतीयांश सिंह गेले. आधी सगळा दोष कॅनाइन डिस्टेंपर या कुत्र्यांच्या विषाणूजन्य रोगाला दिला गेला. नंतर मागचे नमुने तपासले तेव्हा दिसलं की डिस्टेंपर इतर वर्षीही येऊन गेला होता आणि सिंह तगले होते. १९९४ ला आणि शेजारच्या गोरोंगोरोत २००१ ला मात्र आधी दुष्काळ पडला, गोचिडांनी भरलेल्या अशक्त म्हशी सिंहांनी खाल्ल्या, बबेसिया बेसुमार वाढला आणि त्यावर प्रतिकारशक्ती दडपणारा डिस्टेंपर आला. गीरच्या दलखाणिया परिक्षेत्रात सप्टेंबर–ऑक्टोबर २०१८ मध्ये २३ सिंह दगावले, तेव्हाही तपासणीत डिस्टेंपर आणि बबेसिया दोन्ही सापडले होते.

म्हणून सातपुड्यात बिबट्याच्या किंवा मुक्ताईनगरकडच्या वाघाच्या रक्तात बबेसिया मिळाला तर त्याच नमुन्यावर डिस्टेंपरही तपासून घ्या आणि त्या हंगामातला दुष्काळ, आसपासच्या गावकुत्र्यांतले आजार यांची नोंद जोडा. ठणठणीत जनावरात केवळ काच पॉझिटिव्ह आली म्हणून औषध देऊ नका. बचावलेला बिबट्या निस्तेज असेल, रक्तक्षय असेल, तर औषधाचा निर्णय पशुवैद्यकाचा. आणि एक धोक्याची सूचना: मांजरवर्गाच्या अंगावरचे गोचीड चिमट्यानेच काढा. कुत्र्यांसाठी मिळणारं परमेथ्रिनचं औषध बिबट्याला विषारी ठरतं.

वाड्यावरचं काम

जंगलात औषध फवारता येत नाही आणि फवारूही नये. हात चालवायचा तो जंगलाच्या कडेवरच्या गुरांवर: काठेवाडी गोपाळांच्या गीर गायी, ठेलारींची मेंढरं, पाड्यांवरची बैलं.

गुरं जंगलाकडे चरायला नेण्याच्या आठवडाभर आधी गोचीडनाशक लावा. डेल्टामेथ्रिन असेल तर लेबलवरच्या प्रमाणातच, पातळ करून पुरवायचं नाही. कमी मात्रेने मरतात ते दुबळे गोचीड, उरतात ते औषधाला दाद न देणारे. भारतात मायक्रोप्लसमध्ये असा प्रतिकार नोंदवला गेला आहे. फवारणी कानाच्या आत, शेपटीखाली आणि कासेभोवती पोचली पाहिजे, पाठीवर नुसता हात फिरवून भागत नाही. मायक्रोप्लसचं अंगावरचं चक्र २१ दिवसांचं, म्हणून दुसरी फेरी तीन आठवड्यांच्या आत. तणनाशकाला वापरलेला पंप गुरांवर वापरू नका. उरलेलं द्रावण आणि पंप धुतलेलं पाणी अनेर-सुकीच्या काठाला किंवा पाणवठ्यावर ओतू नका, मासे मरतात.

हायलोमासाठी गुरांपेक्षा भिंत महत्त्वाची. दगडी गोठ्यातल्या फटी सिमेंटने किंवा चिखल-चुन्याने बुजवा आणि दावणीमागचा कचरा महिन्याला उचला. गुरांच्या अंगावरचे गोचीड रोज हाताने (हातमोजे घालून) काढण्याचा फायदा अगदी खरा आहे. थायलेरियाचे संसर्गजन्य कण गोचीड चिकटल्यानंतर दोन-तीन दिवसांनी तयार होतात, त्यामुळे पहिल्या दोन दिवसांत काढलेला गोचीड बहुतेक वेळा रोग देत नाही. काढलेले गोचीड उकिरड्यावर टाकू नका, तिथे माद्या अंडी घालतात. रॉकेलच्या किंवा साबणाच्या पाण्याच्या डब्यात टाका. संकरित वासरं असतील तर थायलेरियाची लस पशुधन विकास अधिकाऱ्यांकडे विचारा, कारण गावठी गुरांपेक्षा त्यांना हा ताप फार जड जातो.

मेलेली गुरं जंगलाच्या कडेला फेकण्याची सवय मोडायला हवी. तडस, कोल्हं आणि बिबट्या त्यांवर येतात आणि शवावरून उतरलेले गोचीड तिथेच गवतात पसरतात. खड्डा दोन मीटर खोल, वर चुना, आणि पुरण्याआधी जनावराच्या कानातून एक स्मिअर. त्या काचेवर ज्या तारखा आणि गावं जमतील, त्याच रानातल्या रोहीच्या काचांशेजारी ठेवून बघायच्या असतात.